डेनारियस, राणीछाप रुपया आणि साताऱ्याचा भिवा

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी बिल्ले, लॉकेट आणि नाणीही विकायला असतात. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली निघालेला एक रुपया आजही अनेक घरांत देव्हाऱ्यात ठेवावा तसा जपलेला दिसतो. २०१५ साली १२५ व्या जयंतीच्या वर्षात दहा रुपयांचे आणि १२५ रुपयांचे नाणे निघाले. १२५ रुपयांचे नाणे बाजारात चालवण्यासाठी नव्हते, ते संग्रहासाठीच होते आणि त्यात निम्मी चांदी होती. हा छंद आता जुन्या नाण्यांपर्यंतही पोहोचला आहे. सातारा, कराड, मिरज, सांगली या पट्ट्यातले तरुण लेणी पाहायला जातात, ब्राह्मी लिपी शिकतात, सातवाहनांची नाणी ओळखू लागतात आणि मग कुणीतरी मोबाइलवर रोमन चांदीच्या नाण्याचे चित्र पाठवतो. घ्यावे की न घ्यावे, खरे की खोटे, किंमत किती, अशी चर्चा सुरू होते.

छंद चांगलाच आहे. पण ज्यांचे चित्र असलेले नाणे आपण जपतो, त्या बाबासाहेबांचे स्वतःचे आयुष्य चांदीच्या नाण्याशी किती जवळून जोडलेले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? रोमशी चाललेल्या प्राचीन व्यापारापासून ब्रिटिशांच्या रुपयापर्यंतचा प्रवास त्यांनी अभ्यासला. त्या अभ्यासाच्या आधीची वर्षे साताऱ्यात गेली. म्हणून आज आम्ही त्यांचे चरित्र नाण्याच्या बाजूने सांगत आहोत.

साताऱ्यातले बालपण

भीमराव रामजी यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीला राहिले आणि नंतर साताऱ्याला आले. रामजींना तिथे सरकारी बांधकाम खात्याकडे नोकरी मिळाली. १८९६ साली साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले. भिवा तेव्हा पाच वर्षांचा होता. पुढे घर सांभाळले ते आत्या मीराबाईंनी.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात घातले गेले. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत बसण्यासाठी तो घरून गोणपाट नेत असे आणि संध्याकाळी ते परत आणत असे, कारण ते गोणपाट शाळेच्या शिपायानेही हातात घेतले नसते. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानेलेच राहायचे. न्हावी केस कापत नसे, म्हणून थोरली बहीण केस कापायची.

इथे नकाशाबद्दल एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीतले तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि पुढे त्यालाच सांगली हे नाव मिळाले. सांगली शहर त्या वेळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते. तेव्हा भिवाने पाहिलेला सातारा जिल्हा आजच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या आपल्या लोकांचा आहे.

त्या वर्षांत या मुलखात दुष्काळ होता. १८९९-१९०० चा दुष्काळ दख्खनच्या आठवणीतला मोठा दुष्काळ. सरकारने लोकांना काम देण्यासाठी खटाव तालुक्यात तलाव खोदायला घेतला होता आणि रामजी तिथे रोखपाल होते. म्हणजे दुष्काळी मजुरांच्या हातावर पडणाऱ्या पैशांचा हिशेब भिवाच्या वडिलांकडे होता. पुढे रुपयावर जगभर वाचला जाणारा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या घरातच हा रोजचा हिशेब चालत होता.

दुष्काळाचे आणि चांदीचेही एक नाते होते. गरिबाची शिल्लक म्हणजे बायकोच्या अंगावरची चांदी, वाळे, तोडे, गोठ. पूर्वी कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. त्यानंतर रुपयाचा भाव वेगळा आणि चांदीचा भाव वेगळा झाला. रुपया वधारलेला राहिला, चांदी उतरत गेली. दुष्काळात दागिना मोडायला गेलेल्या बाईला तोळाभर चांदीचा पूर्वीसारखा तोळाभर वजनाचा रुपया मिळेनासा झाला. लंडन-कलकत्त्यातल्या एका निर्णयाने माण-खटावच्या झोपडीतली शिल्लक हलकी झाली.

मसूर स्टेशनवरचे दुप्पट भाडे

१९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांनी मुलांना सुट्टीसाठी बोलावले. भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले नवे कपडे घालून निघाली. साताऱ्याहून दहा मैलांवरच्या स्टेशनवर गाडी धरली आणि संध्याकाळी मसूरला उतरली. ही पुण्याहून मिरजेला जाणारी लाइन. आजही सांगली-साताऱ्याची माणसे रोज त्याच मार्गाने ये-जा करतात आणि मसूरवरून जातात. किती जण खिडकीतून बाहेर पाहतात, ठाऊक नाही.

येणार असल्याचे पत्र वडिलांना मिळालेच नव्हते, म्हणून घ्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने चांगल्या कपड्यातल्या मुलांची चौकशी केली. आम्ही महार आहोत असे उत्तर ऐकताच त्याचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचे. दुप्पट पैसे मिळाले म्हणून गाडी मिळाली, पण माणूस शेजारी बसला नाही. डबा बरोबर होता, तरी रात्रभर पिण्यासारखे पाणी मिळाले नाही. टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही. मुले उपाशीच झोपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास वडिलांकडे पोहोचली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे आणि आपण तो अनेकदा ऐकला आहे. आम्ही तो इथे नाण्यासाठी सांगतो. अर्थशास्त्राचे पुस्तक सांगते की पैसा सर्वांना सारखा असतो. ज्याच्या हातात रुपया त्याला वस्तू मिळते, रुपया जात विचारत नाही. मसूरला दिसले ते वेगळेच. नाणे चालले, ते देणारा हात चालला नाही. एकाच वस्तूसाठी एका जातीला एक भाव आणि दुसऱ्या जातीला दुप्पट भाव होता आणि पाण्याला तर कुठलाच भाव नव्हता, कारण ते विकतही मिळत नव्हते. दहा वर्षांच्या मुलाने पैशाची ताकद आणि पैशाची मर्यादा एकाच रात्रीत पाहिली.

१९०४ साली कुटुंब मुंबईला गेले. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक, पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी. ए. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

न्यूयॉर्कमध्ये शोधलेला जुना व्यापार

कोलंबियात १९१५ साली एम. ए. साठी त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन भारतीय व्यापार. आपल्या चळवळीत जातींवरचा १९१६ चा निबंध सर्वांना माहीत आहे, त्याच्या आदल्या वर्षीचा हा प्रबंध मात्र फारसा कुणी उघडत नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या बाराव्या खंडात तो आहे. पश्चिमेकडच्या देशांशी भारताचे प्राचीन व्यापारी संबंध, मध्ययुगातला व्यापार आणि इंग्रजी राजवटीत झालेली अवस्था, असा त्याचा आवाका आहे. ज्या देशाला इंग्रज मागासलेला म्हणत होते तो एकेकाळी जगाशी बरोबरीने व्यवहार करत होता आणि पुढे तो कसा लुटला गेला, ही मांडणी चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केली.

रोमन नाण्यांचा विषय इथेच येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिरी, मलमल, मोती, हस्तिदंत आणि सुगंधी द्रव्ये भारतातून रोमन जगात जात. बदल्यात तिकडून द्राक्षासव, काच, पोवळे आणि मुख्यतः सोन्याचांदीची नाणी येत. वर्षाला पाच कोटी सेस्टर्स भारत ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवली आहे. सेस्टर्स हे हिशेबाचे छोटे नाणे. चार सेस्टर्स म्हणजे एक डेनारियस आणि डेनारियस म्हणजे साधारण पावणेचार ग्रॅमचे चांदीचे नाणे.

भारतात सापडलेल्या डेनारियसांत बहुतेक नाणी दोनच सम्राटांची आहेत, ऑगस्टस आणि टायबेरियस. ऑगस्टसच्या नाण्यावर मागे ढाल-भाल्यांसह उभे असलेले त्याचे दोन नातू, टायबेरियसच्या नाण्यावर आसनावर बसलेली स्त्री. कोइम्बतूरच्या परिसरात आणि तेलंगणातील अक्कनपल्ले येथे हजाराहून अधिक नाण्यांचे साठे मिळाले आणि त्यांत याच दोघांचा भरणा आहे. असे का? इसवी सन ६४ मध्ये नीरोने डेनारियसचे वजन कमी केले आणि त्यातली चांदीही कमी केली. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना जुनी, जड, जवळजवळ शुद्ध चांदीची नाणी हवी होती. नाण्यावरचा चेहरा राजाचा असला तरी कस पाहणारा डोळा बाजाराचा होता. पुढे तिसऱ्या शतकापर्यंत रोमच्या चांदीच्या नाण्यात चांदी नावापुरती उरली, तांब्यावर मुलामा दिल्यासारखी. राज्यकर्त्याने नाणे हलके केले की त्याचा भार कोण उचलतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. तो लक्षात ठेवा, रुपयाकडे आल्यावर तो पुन्हा भेटेल.

महाराष्ट्रात दक्षिणेसारखे रोमन चांदीचे मोठे साठे मिळत नाहीत. तरी खुणा आहेतच. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या सागरदेवतेची रोमन कांस्यमूर्ती मिळाली. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या, भोक पाडून गळ्यात घालण्याजोग्या. म्हणजे नाण्याचे लॉकेट करण्याची हौस आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीही होती. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. क्षत्रपांच्या या नाण्यांची चांदी रोमहून आलेली नाणी वितळवून मिळाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर रोमचा डेनारियस आपल्याकडे तीन वेळा जन्मला, आधी ऑगस्टसचा, मग नहपानाचा आणि शेवटी सातवाहनांचा.

हा पैसा लेण्यांपर्यंत पोहोचला होता. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. मुद्दल काढायचे नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंच्या चीवराचा आणि इतर गरजांचा खर्च भागवायचा. पस्तीस कार्षापण म्हणजे एक सुवर्ण, हा त्या काळचा भावही त्याच लेखात कोरलेला आहे. चांदी आणि सोने यांचा दर सांगणारा हा दगडावरचा पुरावा आहे आणि तो बौद्ध लेण्यात आहे.

आपल्या साताऱ्याचेही नाव या नकाशावर आहे. कराडचे जुने नाव करहकट किंवा करहाकड. मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर करहकटच्या निगमाचे, म्हणजे तिथल्या नगरातील व्यापारी-नागरिकांच्या संघाचे दान कोरलेले आहे. कोकणातल्या कुडा लेण्यात करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरातली लेणी आणि खंडाळा तालुक्यातली शिरवळची लेणी आपण पाहतोच. त्याच भारहुतमध्ये अनाथपिंडिकाने जेतवन विकत घेताना जमिनीवर नाणी पसरली, ते शिल्प आहे. चौकोनी आहत नाणी ओळीने मांडलेली स्पष्ट दिसतात. कराडच्या लोकांनी जिथे दान दिले, तिथेच धम्माच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध नाण्यांचे चित्र आहे. भिक्खूने सोनेचांदी स्वीकारू नये हा विनयाचा नियम आणि वैशालीच्या संगीतीत त्यावरून झालेला वाद आपण जाणतो. उपासकाने मात्र सम्यक् आजीविकेने मिळवावे आणि योग्य ठिकाणी द्यावे, ही आपली परंपरा आहे. पैशाबद्दल आपल्याकडे ना तिरस्कार होता ना पूजा.

रुपयाचा ग्रंथ

कोलंबियाहून भीमराव १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत आणि राहायला जागाही मिळू दिली नाही. कोलंबियाची पदवी आली तरी मसूर सुटले नव्हते. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राची प्राध्यापकी, थोडी शिल्लक, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज आणि १९२० साली पुन्हा लंडन. १९२१ साली एम. एस्सी. झाली. डी. एस्सी. च्या प्रबंधावर आधी आक्षेप निघाले, त्यांनी मांडणी सुधारून, निष्कर्ष न बदलता तो पुन्हा दिला आणि १९२३ साली पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या पी. एस. किंग यांनी तो ग्रंथ प्रसिद्ध केला. नाव होते रुपयाचा प्रश्न, त्याचा उगम आणि त्याचे उत्तर, अशा अर्थाचे. प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची. त्यांना सगळी मते पटली नव्हती, तरी लेखकाच्या ताजेपणाचे त्यांनी कौतुक केले. आणि अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीला. साताऱ्यात जिचा देह ठेवला ती भीमाबाई आणि दुष्काळी कामावर पैशाचा हिशेब ठेवणारे रामजी, या दोघांच्या नावाने रुपयाचा हा ग्रंथ आहे.

ग्रंथ अवघड म्हणून आपण बाजूला ठेवतो. गाभा मात्र समजण्यासारखा आहे. १८३५ सालापासून कंपनीचा रुपया १८० ग्रेन वजनाचा होता आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. तेव्हा रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत. १८७० नंतर जगात चांदी स्वस्त झाली आणि इंग्लंडला सोन्यात पैसे पाठवणाऱ्या सरकारला ते जड जाऊ लागले. म्हणून १८९३ साली टांकसाळी बंद करून रुपयाचा भाव कृत्रिमपणे वर ठेवला आणि पुढे तो एक शिलिंग चार पेन्सवर बांधला. रुपया दिसायला चांदीचाच राहिला, पण त्याचे मोल आता चांदीत नव्हते, सरकारच्या हुकमात होते. राणीछाप रुपया हा चांदीवर छापलेली नोटच झाला होता.

या व्यवस्थेला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणत आणि जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या मोठ्या अर्थतज्ज्ञाने १९१३ साली तिची बाजू घेतली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचे म्हणणे असे की सरकारला वाटेल तेवढे रुपये पाडता येतात, त्याला बांध नाही. रुपये वाढले की त्यांची खरेदीची ताकद घटते आणि सगळे लक्ष लंडनच्या विनिमय दराकडे लागल्यामुळे देशातल्या भावांकडे कुणी पाहत नाही. उपाय म्हणून त्यांनी नवे रुपये पाडणे कायमचे थांबवावे, सोन्याचे नाणे पाडावे आणि सोने व रुपया यांचे प्रमाण ठरवून टाकावे, असे सुचवले. उद्देश एकच, चलन राज्यकर्त्याच्या मर्जीवर राहू नये. नीरोचा डेनारियस आठवा.

१५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असावा की सहा, यावर तेव्हा देशभर वाद होता. व्यापारी आणि कारखानदार स्वस्त रुपया मागत होते आणि त्याला राष्ट्रहिताचे नाव देत होते. बाबासाहेबांनी त्या काळात दाखवून दिले की रुपया पाडला की भाव आधी चढतात आणि मजुरी मागून येते. मधल्या काळातला फायदा मालकाचा, तोटा मजुरीवर जगणाऱ्याचा. इंग्रजांवर टीका करतानाही त्यांनी देशी भांडवलदाराला सूट दिली नाही. चलनाच्या चर्चेत मजुराची बाजू घेऊन बोलणारा हा माणूस दुष्काळी कामावरच्या रोखपालाचा मुलगा होता.

एक दुरुस्ती आपण आपल्याच भाषणांत करायला हवी. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, असे सरसकट सांगितले जाते. हिल्टन यंग आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. त्या आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली होती आणि त्यांचा ग्रंथ या विषयावरचा महत्त्वाचा ग्रंथ होता. एवढे खरे आहे आणि एवढे पुष्कळ मोठे आहे. फुगवून सांगितले की समोरचा एक चूक पकडतो आणि सगळा ग्रंथच बाजूला सारतो. खोट्या नाण्यामुळे खऱ्या नाण्यावरचाही विश्वास उडतो.

बलुत्याऐवजी रोख

बाबासाहेब भारतात परतले ते ग्रंथकार म्हणून नावाजले जाण्यासाठी नव्हे. १९२७ चा महाडचा सत्याग्रह पाण्यासाठी होता, ज्या पाण्याला मसूरच्या रस्त्यावर भाव नव्हता. त्यानंतर लगेच, १९ मार्च १९२८ रोजी, त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाबाबतचे विधेयक मांडले. इथे नाण्याचा धडा पूर्ण होतो.

वतनदार महार सरकारचे आणि गावाचे काम रात्रंदिवस करत असे. सांगावा नेणे, मेलेली जनावरे ओढणे, साहेबाच्या घोड्यामागे धावणे. बदल्यात काय, तर तुकडाभर इनाम जमीन आणि गावाकडून बलुते, म्हणजे धान्य. किती आणि कधी द्यायचे ते देणाऱ्याच्या मनावर. एखाद्याने हक्क मागितला तर गाव बलुते बंद करत असे. म्हणून बाबासाहेबांची मागणी होती की बलुत्याचे रोख पैशात रूपांतर करावे, ती रक्कम कर म्हणून वसूल करावी आणि काम करणाऱ्याला ठरलेला पगार मिळावा. हातात मोजून पडलेले नाणे आणि दारात उभे राहून पदरात पडलेले धान्य यांतला फरक त्यांना ठाऊक होता. धान्याबरोबर उपकार येतो, पगाराबरोबर हक्क येतो.

नाण्याने जात जात नाही, हे मसूरने शिकवले होते. नाण्याशिवाय जातीतून बाहेर पडता येत नाही, हे वतनाने दाखवले. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि बाबासाहेबांच्या पुढच्या कामात दोन्ही सोबत चालतात. एकीकडे स्वतंत्र मजूर पक्ष, खोतीविरोधी लढा, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्रिपद, कामाचे आठ तास. दुसरीकडे मंदिरप्रवेश, संविधान आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बुद्धाला शरण जाणे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. विधेयक मांडल्याला तोपर्यंत तीस वर्षे झाली होती. ते पाहायला ते नव्हते.

आपण काय करायचे

सातारा-सांगलीतल्या ज्या तरुणांना नाण्यांचा छंद आहे, त्यांना आमचे सांगणे आहे की छंद सोडू नका, तो नीट करा. शेतात, नदीकाठी, जुन्या भिंतीत नाणी मिळाली तर ती लपवून विकू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. चिंच किंवा राख लावून नाणे घासू नका, त्यावरचे अक्षर कायमचे जाते. नाणे कुठे, किती खोल आणि कशाबरोबर मिळाले ते तिथल्या तिथे लिहा. जागा हरवली की नाणे केवळ धातू उरते. बाजारात रोमन म्हणून मिळणारी पुष्कळ नाणी साच्यात ओतलेली असतात. कडेला जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची भोके दिसली तर सावध व्हा. खरे डेनारियस ठशाने हातोडा मारून पाडलेले असे. पाहायचेच असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथे जा. पैसे नाहीत म्हणून कुणी मागे राहू नये. अभ्यासाला नाणे मालकीचे असावे लागत नाही.

आणि एक काम आपल्याला एकत्र करता येईल. ७ नोव्हेंबरला साताऱ्यात आणि सांगलीत आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. त्या दिवशी रुपयाच्या ग्रंथातले एक प्रकरण वाचायला ठेवू. ज्यांना इंग्रजी जमते त्यांनी ते समजून इतरांना मराठीत सांगावे. सोबत घरातल्या आजीला विचारावे की तिच्या आईच्या अंगावर चांदी होती का आणि ती कोणत्या वर्षी मोडली. महागाई, मजुरी, सावकारी आणि बचत गटाचे व्याज यांवर आपल्या वस्तीत बोलणे सुरू करायला यापेक्षा चांगली वाट नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या आपल्या माणसाला शंभर रुपयांत गेल्या वर्षीएवढे मिळते का, हाच बाबासाहेबांचा रुपयाचा प्रश्न आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

जन्मशताब्दीचा तो एक रुपया जपून ठेवाच. पण तो हातात घेऊन मुलांना मसूर, भारहुत आणि लंडनची गोष्ट सांगता आली पाहिजे. तेवढी गोष्ट सांगता आली तर त्या रुपयाचे मोल वाढते.

जय भीम! नमो बुद्धाय!